भाता, भोवळ आणि दम

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

सकाळचे सव्वासहा वाजले आहेत. सोसायटीच्या सभागृहात तीस-पस्तीस जण सतरंज्यांवर मांडी घालून बसले आहेत. शिक्षक समोरून आकडे मोजताहेत आणि पोटाचे झटके त्या आकड्यांमागे धावताहेत. तिसऱ्या रांगेतल्या पन्नाशीच्या बाईंच्या बोटांना मुंग्या येऊ लागतात. ओठांच्या कडा बधिर होतात, समोरची भिंत लांब गेल्यासारखी वाटते. त्या हात वर करतात. "होऊ द्या, शुद्धी होतेय," असे उत्तर येते. बाई डोळे मिटून पुढचे शंभर झटके पूर्ण करतात.

हे चित्र कोण्या एका वर्गाचे नाही. योगवर्गाला चार-सहा महिने गेलेल्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल. बाईंच्या शरीरात त्या क्षणी काय चालले होते, हे मात्र नीट ठाऊक असलेली गोष्ट आहे. त्यांच्या मेंदूला रक्त कमी पडू लागले होते आणि शरीर तसे स्पष्ट सांगत होते.

योगशिक्षणाशी जोडलेल्या स्मृतिव्याख्यानात अशी गोष्ट बोलावी का, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर लोणावळ्यात शंभर वर्षांपूर्वी दिले गेले आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी 1924 साली कैवल्यधामची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. नर्मदेकाठच्या मालसर येथील माधवदासजी हे त्यांचे गुरू. गुरूंकडून मिळालेल्या क्रिया कुवलयानंदांनी श्रद्धेने केल्या आणि त्याच श्रद्धेने क्ष-किरण यंत्रासमोर नेल्या. नौली करताना मोठ्या आतड्यात हवेचा दाब खाली उतरतो, हे त्यांनी मोजून दाखवले आणि त्या पोकळीला गुरूंचे नाव दिले. गुरुभक्ती आणि मोजमाप यांच्यात त्यांना विरोध दिसला नाही.

प्राणायामाने शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो, ही समजूत त्या काळीही लोकप्रिय होती. कुवलयानंदांनी ती प्रयोगशाळेत तपासली आणि प्राणायामाची किंमत ऑक्सिजनच्या जादा पुरवठ्यात नाही, असे स्पष्ट लिहिले. लोणावळ्याहून निघालेली ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या वर्गांपर्यंत अजून पोचलेली नाही, हे दुःखाने म्हणावे लागते. आजही फलकांवर "अधिक ऑक्सिजन, अधिक ऊर्जा" असे लिहिलेले असते, आणि बहुतेक चकरांचा उगम नेमका या वाक्यात आहे.

कारण असे. निरोगी माणसाच्या रक्तातले हिमोग्लोबिन शांत बसलेले असतानाही 95 ते 99 टक्के ऑक्सिजनने भरलेले असते. भरलेल्या घागरीत आणखी किती पाणी मावणार? जोरजोरात श्वास घेतल्याने ऑक्सिजन जेमतेम वाढतो. झपाट्याने बदलतो तो कार्बन डायऑक्साइड. या वायूला शाळेच्या पुस्तकाने "टाकाऊ" ठरवले आणि तो शिक्का आयुष्यभर राहिला. प्रत्यक्षात रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या 35 ते 45 मिलिमीटरमध्ये राखण्यासाठी शरीर अहोरात्र झटते. श्वास कधी घ्यायचा, हे मेंदू मुख्यतः त्याच्यावरून ठरवतो. रक्ताचा आम्ल-अल्कली तोल त्याच्यावर अवलंबून असतो. आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या किती उघड्या राहायच्या, याची दोरीही त्याच्याच हाती असते.

गरजेपेक्षा जास्त आणि खोल श्वास सुरू झाला की हा वायू धुऊन निघतो. त्याचा दाब एका मिलिमीटरने उतरला की मेंदूकडे जाणारे रक्त साधारण दोन ते चार टक्क्यांनी घटते. दाब 40 वरून 25 वर आला, तर मेंदूचा रक्तप्रवाह एक तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त कमी झालेला असतो, आणि जोराचा श्वास चालू ठेवला तर तिथवर पोचायला काही मिनिटे पुरतात. मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के भरतो, पण शांत शरीर वापरते त्या ऑक्सिजनचा पाचवा हिस्सा एकटा घेतो. त्याची रसद तिसऱ्या हिश्शाने तुटली की डोके हलके होते, आवाज दूरून येतात, नजर धूसर होते.

त्यात भर म्हणजे कार्बन डायऑक्साइड उतरला की हिमोग्लोबिन आपल्याजवळचा ऑक्सिजन अधिक घट्ट धरून ठेवते आणि पेशींना सोडत नाही. डेन्मार्कचे शरीरशास्त्रज्ञ ख्रिस्तिआन बोर यांनी 1904 साली हे दाखवले. म्हणजे जो माणूस जास्त ऑक्सिजनच्या आशेने जिवाच्या आकांताने श्वास घेतो, त्याच्या मेंदूला ऑक्सिजन कमी मिळत असतो.

मुंग्यांचे कारणही इथेच आहे. रक्त अल्कलीकडे झुकले की त्यातले मोकळे कॅल्शियम प्रथिनांना चिकटते. मोकळे कॅल्शियम घटले की नसा चाळवतात. आधी ओठ आणि बोटांची टोके चुणचुणतात, मग हात जड होतात, आणि तरीही थांबले नाही तर बोटे आपोआप आत वळून पंजा आखडतो. हे पाहून घाबरलेला माणूस आणखी वेगाने श्वास घेतो आणि चक्र घट्ट होत जाते. यात विषद्रव्य बाहेर पडण्याचा काहीही संबंध नाही. तरीही "शुद्धी होतेय" हे वाक्य वर्गावर्गांत आत्मविश्वासाने म्हटले जाते, आणि ते ऐकणारा माणूस आपल्या शरीरावर विश्वास ठेवायचे सोडून देतो. चकरेपेक्षा हे नुकसान मोठे आहे.

आता कपालभातीकडे वळू, कारण महाराष्ट्रात प्राणायाम म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तीच येते. मुळात ती प्राणायाम नाही. पंधराव्या शतकातल्या 'हठप्रदीपिके'त स्वात्मारामांनी तिला षट्कर्मांत, म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांत, जागा दिली आणि तिची तुलना लोहाराच्या भात्याशी केली. कफ आणि मेद वाढलेल्या माणसाने ती प्राणायामाच्या आधी करायची. नाकपुड्या आणि श्वासनलिका मोकळ्या करणारी ती पूर्वतयारी होती. दूरचित्रवाणीवरच्या सकाळच्या कार्यक्रमांनी तिला घराघरांत नेले, हे मोठेच काम झाले. पण त्या प्रवासात पूर्वतयारी हाच मुख्य कार्यक्रम झाला आणि मिनिटे वाढत गेली.

भारत सरकारच्या आयुष मंत्रालयाने 21 जूनच्या योगदिनासाठी जो सामायिक अभ्यासक्रम तयार केला, त्यात नवशिक्यांसाठी कपालभातीचे प्रमाण दिले आहे: प्रत्येकी 20 झटक्यांची तीन आवर्तने. एकूण साठ. हृदयविकार, उच्च रक्तदाब, अपस्मार, अर्धशिशी, हर्निया, जठरव्रण आणि स्वतः चक्कर, यांपैकी काही असेल तर ती टाळावी, असेही तिथे नमूद आहे. किती वर्गांत ही ओळ वाचून दाखवली जाते, हे प्रत्येक शिक्षकाने स्वतःला विचारावे.

साठ झटके निर्धोक आणि साठच झटके धोक्याचे, दोन्ही होऊ शकतात. ढोबळ हिशोब पाहा. साध्या श्वासात आपण सुमारे 500 मिलिलिटर हवा आत घेतो. त्यातली दीडशेच्या आसपास नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते. ती फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचत नाही. मिनिटाला बारा श्वास धरले, तर वायुकोशांना सव्वाचार लिटर ताजी हवा मिळते. कपालभातीचा झटका खराखुरा छोटा असेल, म्हणजे पोटाचा हलका धक्का, छाती स्थिर आणि श्वास आपोआप परत येणारा, तर दोनशे मिलिलिटरमधले पन्नासच आत पोचतील. मिनिटाला साठ झटके म्हणजे तीन लिटर. इतक्याने रक्तातला वायू फारसा हलत नाही. तोच झटका छाती-खांदे हलवून अर्ध्या लिटरचा केला, की आकडा 21 लिटरवर जातो. शांत श्वासाच्या पाचपट! झटक्यांची संख्या तीच, वेळ तोच, पण पहिला माणूस प्रसन्न उठतो आणि दुसऱ्याला भिंत धरावी लागते. म्हणून शिक्षकाचे लक्ष आकड्यावर कमी आणि खांद्यांवर जास्त हवे. खांदे हलताहेत, चेहरा आवळलाय, श्वास आत ओढल्याचा आवाज येतोय, यांतले काहीही दिसले की त्या माणसाला तिथेच थांबवावे.

या क्रियेच्या ताकदीचा अंदाज यावा म्हणून मेंदूविकारतज्ज्ञाच्या खोलीत डोकावून पाहावे. मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख काढताना, म्हणजे ईईजी करताना, रुग्णाला मुद्दाम तीन मिनिटे खोल आणि जलद श्वास घ्यायला लावतात. फिट येण्याची प्रवृत्ती लपलेली असेल तर ती उघड व्हावी, हा हेतू असतो. लहान मुलांमधल्या एका प्रकारच्या अपस्मारात तर या तीन मिनिटांत झटका हमखास म्हणावा इतक्या वेळा दिसतो. ही तपासणी जाणकारांच्या देखरेखीखाली होते, आणि नुकताच पक्षाघात झालेल्या किंवा गंभीर हृदयविकार असलेल्या रुग्णाला त्यातून वगळतात. दवाखान्यात इतक्या काळजीने जी गोष्ट तीन मिनिटे केली जाते, ती सभागृहात पंधरा मिनिटे आणि कोणालाही न विचारता व्हावी, हे पटण्यासारखे नाही.

भोवळीचा दुसरा उगम कुंभकात आहे. श्वास आत भरून, कंठ बंद करून, वर जोर दिला की छातीतला दाब वाढतो आणि हातापायांकडून हृदयाकडे परतणारे रक्त दारातच अडते. हृदयात कमी रक्त आले की बाहेरही कमी जाते आणि रक्तदाब उतरतो. श्वास सोडला की थोड्याच क्षणांत तो उसळून नेहमीपेक्षा वर चढतो. इटलीचे शरीररचनातज्ज्ञ अंतोनिओ वालसाल्वा यांच्या नावाने वैद्यक या प्रयोगाला ओळखते. तरुण माणूस हा उतार-चढाव सहज पचवतो. साठीच्या पुढचा, बीपीची गोळी घेणारा, काचबिंदू असलेला किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेला माणूस तो पचवेलच असे नाही. गरोदर बाईने तर जोराच्या क्रिया आणि कुंभक या दोन्हींपासून लांब राहावे.

1951 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये शाळकरी मुलांच्या एका खेळावर लेख आला होता. मुलगा उकिडवा बसतो, भराभर खोल श्वास घेतो, मग ताडकन उभा राहतो आणि श्वास कोंडून जोर लावतो. क्षणात तो बेशुद्ध होऊन कोसळतो. संशोधकांनी त्याची उकल केली. जलद श्वासाने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या, एकदम उठल्याने रक्त पायांत उतरलेले, आणि जोर लावल्याने हृदयाकडचा परतीचा रस्ता बंद. तिन्ही गोष्टी एका वेळी आल्या की शुद्ध टिकत नाही. आता आपल्या वर्गाचा क्रम आठवा. भस्त्रिका, म्हणजे जोरजोराचा जलद श्वास, होते, लगेच दीर्घ कुंभक होतो आणि मग आवाज येतो: "चला, सगळे उभे राहा, सूर्यनमस्कार." त्या मुलांच्या खेळातले तिन्ही घटक इथे आहेत, फक्त मध्ये थोडे अंतर आहे. वर्गाचा क्रम बदलायला पैसा लागत नाही आणि जागाही लागत नाही. उभ्याने करायची आसने आधी घ्यावीत, प्राणायाम शेवटी, आणि त्यानंतर शवासन. एवढ्याने बरेच अपघात टळतील.

थोडे विषयांतर करून पाण्याबद्दल बोलायला हवे, कारण तिथे जीव जातो. गावच्या विहिरीत किंवा शहरातल्या तलावात पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो, अशी पैज मुले लावतात आणि बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेतात. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड इतका खाली जातो की श्वास घ्यावा अशी निकड वाटतच नाही. दरम्यान ऑक्सिजन संपत जातो आणि निकड वाटण्याआधीच पाण्याखाली शुद्ध हरपते. पोहण्याआधी किंवा पाण्यात उभे राहून भस्त्रिका, कपालभाती वा कुंभक कधीही करू नये. पोहायला शिकवणाऱ्यांनी आणि योग शिकवणाऱ्यांनी हे दोघांनीही आपापल्या मुलांना सांगितले पाहिजे.

हेच शरीरशास्त्र आणखी एका गैरसमजाखाली दडलेले असते. जलद श्वासाच्या आवर्तनानंतर काही काळ श्वास आपोआप थांबतो. छातीत निवांतपणा येतो, डोक्यात पोकळी वाटते. काही साधक याला केवल कुंभक समजतात, कोणी कुंडलिनीची चाहूल म्हणतात. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातले कुंडलिनीचे वर्णन ज्या भाषेत आहे, तिच्या माणसांना ही ओढ वाटणे स्वाभाविक आहे. पण जलद श्वासानंतरचा हा विराम वायू धुऊन निघाल्याचा परिणाम आहे, आणि तो पहिल्याच दिवशी आलेल्या नवशिक्यालाही येतो. वर्षानुवर्षांच्या साधनेने येणारी स्थिती आणि दहा मिनिटांत ओढून आणलेली भोवळ यांना एकाच नावाने हाक मारणे हा त्या साधनेवरच अन्याय आहे.

जुन्या आचार्यांना हे माहीत होते. सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळू वश करायचे असतात, तसाच वायू हळूहळू वश करावा, एरवी तो साधकाचाच घात करतो, अशा आशयाचा इशारा स्वात्मारामांनी दिला आहे. चुकीच्या प्राणायामाने उचकी, दमा, खोकला आणि डोके, कान, डोळे यांचे दुखणे उद्भवते, अशी यादीही त्यांनी दिली. सुरक्षिततेची भाषा पाश्चात्त्य डॉक्टरांनी आणली, असे मानणाऱ्यांनी तो ग्रंथ उघडून पाहावा.

इथवर सगळा दोष श्वासावर आला. पण वर्गात येणारी प्रत्येक चक्कर श्वासाची नसते, आणि इथे मराठी भाषा डॉक्टरांपेक्षा पुढे आहे. आपल्याकडे चक्कर आहे, भोवळ आहे, घेरी आहे, झीट आहे, डोळ्यांपुढे अंधारी आहे आणि गरगरणे आहे. बोलताना आपण हे सगळे शब्द एकाच पोत्यात भरतो. ते वेगळे ठेवले तर निम्मे निदान सभागृहातच होते.

गरगरणे म्हणजे घर फिरणे. खोली, पंखा, पलंग गोल फिरतोय असे वाटते, मळमळते, आणि डोके स्थिर ठेवले की मिनिटभराच्या आत शांत होते. कूस बदलताना, शवासनातून उठताना, भुजंगासनात मान मागे नेताना ते सुरू होते. हा बहुधा कानाचा मामला असतो. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले, की डोके थोडे हलले तरी मेंदूला मोठ्या गिरकीचा निरोप जातो. याला प्राणायाम जबाबदार नाही आणि प्राणायाम हा त्यावरचा उपायही नाही. अमेरिकेतले कानाचे शल्यचिकित्सक जॉन एप्ली यांनी 1992 साली मांडलेल्या पद्धतीने, डोके ठरावीक क्रमाने वळवून, कान-नाक-घशाचे डॉक्टर हे खडे काही मिनिटांत जागेवर नेतात. वर्षभर "पित्ताची चक्कर" म्हणून आवळासुपारी खाणाऱ्या माणसाला ही माहिती मिळाली तर त्याचे वर्ष वाचेल.

अंधारी वेगळी. ती उठताना येते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब 20 किंवा खालचा 10 मिलिमीटरने उतरला, तर वैद्यक त्याला दखल घेण्याजोगी घसरण मानते. बीपीच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्या यांनी ती वाढते. रात्रभर पाणी पोटात गेलेले नसणे आणि उन्हाळा हेही तिला हातभार लावतात. त्यावरचा उपाय घरगुती आहे: पाठीवरून आधी कुशीवर, कुशीवरून बसते, बसल्यावर पायांची बोटे आणि पोटऱ्या हलवून मग उभे राहायचे. वर्गाला येण्याआधी पेलाभर पाणी प्यायचे. आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद न करता डॉक्टरांना अंधारीबद्दल सांगायचे.

थरथर, घाम आणि पोटात खड्डा पडल्यासारखी भूक यांच्यासह आलेली चक्कर साखरेची असू शकते. आपल्याकडे चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस असे उपवास आहेत, आणि सकाळचा वर्ग रिकाम्या पोटी करायचा असतो. इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी घेऊन, वर उपवास धरून आलेल्या बाईंच्या रक्तातली साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली तर त्यात नवल नाही. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शिक्षकाच्या पिशवीत घड्याळ असते, चटई असते. साखरेची पुडीही असावी.

मग चक्कर आलीच तर करायचे काय? पहिली गोष्ट, थांबणे. आवर्तन अर्धे राहिले म्हणून काही बिघडत नाही. डोळे उघडून समोरच्या एका स्थिर वस्तूवर नजर ठेवावी. श्वासाला हात लावू नये, तो नाकाने त्याच्या मर्जीने चालू द्यावा. "खोल श्वास घ्या, खोल श्वास घ्या" असा धोशा लावणारे शेजारी भल्या मनाने नेमके उलटे सांगत असतात. बसूनही बरे वाटत नसेल तर आडवे होऊन पिंढऱ्या खुर्चीवर किंवा लोडावर ठेवाव्यात. जलद श्वासाची भोवळ काही मिनिटांत ओसरते. त्यानंतरही दहा मिनिटे उठू नये, आणि त्या दिवशी पुन्हा जोराची क्रिया करू नये. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय आता सोडून दिलेला बरा. भोवळ हृदयाची किंवा दम्याची असेल तर त्या पिशवीने ऑक्सिजन आणखी तुटतो. कोणी बेशुद्ध पडलाच तर कांदा हुंगवणे, चप्पल नाकाला लावणे, तोंडात पाणी ओतणे यांपैकी काहीही करू नये. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत आणि गर्दी बाजूला करावी. श्वास चालू नसेल तर 108 ला फोन लावून लगेच छाती दाबायला सुरुवात करावी.

काही चकरा ओसरायची वाट पाहण्याच्या नसतात. तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळू लागले किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर तो पक्षाघात असू शकतो. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून लक्षण सुरू झाल्याची वेळ कागदावर लिहून ठेवावी. छातीत दुखले, धडधड अनियमित झाली किंवा अचानक धाप लागली तरीही दवाखानाच गाठावा. 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात 2004 साली एका निरोगी तरुणीची नोंद प्रसिद्ध झाली. कपालभाती करताना तिच्या फुप्फुसाबाहेर हवा शिरून फुप्फुस आकसले होते. असे क्वचित घडते. पण घडते, आणि त्याला योगवर्गात उपाय नाही.

क्वचित म्हणजे किती, याचा थोडा अंदाज 2013 साली 'प्लॉस वन'मध्ये आलेल्या एका आढाव्यातून येतो. योगामुळे झालेल्या इजांच्या जगभरातल्या प्रसिद्ध नोंदी संशोधकांनी गोळा केल्या, तेव्हा एकूण 76 रुग्ण सापडले. छापल्या न गेलेल्या घटना अर्थातच जास्त असणार. तरी जगात रोज योग करणाऱ्यांच्या मानाने ही संख्या लहान आहे. लक्षात ठेवायची बाब अशी की या नोंदींत प्राणायाम आणि शीर्षासन ही नावे वारंवार येतात. आणि दुसऱ्या पारड्यात संथ श्वासाचा पुरावा आहे. 2001 साली इटलीतल्या संशोधकांनी जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणणाऱ्यांच्या श्वासाची लय मोजली. दोन्हींत ती मिनिटाला सुमारे सहा श्वासांवर आली, आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा त्या लयीत अधिक तल्लख झाली. दोन वेगळ्या धर्मांतल्या माणसांनी शतकानुशतके तीच लय शोधून काढली होती. भ्रामरी, कुंभक न करता केलेला अनुलोम-विलोम, सौम्य उज्जायी या क्रिया त्या लयीच्या जवळच्या आहेत. ज्यांना भोवळ येते, त्यांचा योग यामुळे सुटत नाही. त्यांनी या दाराने आत यावे.

पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी हे दार फार विचारपूर्वक बांधले. 1975 साली सुरू झालेल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत आणि 1981 सालच्या त्यांच्या प्राणायामावरील ग्रंथात सुरुवातीचा अभ्यास आडवे होऊन करायला सांगितला आहे. पाठीखाली घडी घातलेले ब्लँकेट, डोक्याखाली आधार, आणि फक्त श्वास पाहणे. त्याआधी आसनांची चांगली तयारी करून घ्यायची. आडव्या माणसाला कोसळायला जागाच नसते, रक्ताला चढण चढावी लागत नाही आणि खांद्यांना हलायची सोय राहत नाही. इतकी साधी रचना, पण तिच्यामागे हजारो विद्यार्थ्यांकडे बारकाईने पाहिल्याचा अनुभव आहे.

मराठीत आपण घाई करणाऱ्याला "दमानं घे" म्हणतो आणि अधीर झालेल्याला "दम धर" म्हणतो. श्वास आणि सबुरी यांना या भाषेने एकच शब्द दिला आहे. वर्गात मात्र शंभरावरून दोनशेवर आणि दोनशेवरून पाचशेवर नेणाऱ्याचे कौतुक होते. ते थांबवून, ज्याने मुंग्या आल्याबरोबर डोळे उघडले आणि हात वर केला, त्याचे कौतुक सगळ्यांसमोर व्हायला हवे.

इथे जमलेल्यांत अनेक जण उद्या सकाळी वर्ग घेणार आहेत. त्यांना विनंती आहे, की पहिला श्वास मोजायच्या आधी चार प्रश्न विचारा. आज उपवास कोणाचा आहे? या महिन्यात गोळी कोणाची बदलली? गेल्या आठवड्यात चक्कर कोणाला आली, आणि ती गरगरणारी होती की अंधारीची? दिवस गेलेत, शस्त्रक्रिया झालीय किंवा फिटचा त्रास आहे, असे कोणी आहे का? शेवटचा प्रश्न सगळ्यांसमोर विचारू नका, वर्गाच्या आधी बाजूला घेऊन विचारा. ज्यांचे उत्तर "हो" येईल त्यांना भिंतीजवळची जागा द्या आणि त्या दिवशी भ्रामरी द्या. वर्ग संपल्यावर सगळ्यांना कुशीवरून उठवा, आणि शेवटचा माणूस आपल्या पायांवर नीट उभा राहीपर्यंत सभागृहातून बाहेर पडू नका.